मी एकदाच दिलं

तुमच्या पोराला ताप आलाय की नाही, ते तुम्ही कशाने बघता? हातानेच ना? कपाळावर तळवा ठेवता, मग गळ्याखाली, मग पोटावर, आणि हात काय ते सांगून टाकतो. आता समजा, तुमचा हात खोटं बोलतो. अधूनमधून नाही, दरवेळी. मग काय कराल? थर्मामीटर आणू म्हणाल. तिनेही आणला होता. तेवढी अक्कल गरिबाला असते.

ती इस्त्रीवाली. शर्टांच्या कारखान्यात अगदी शेवटच्या हॉलमध्ये, जिथे शिवलेला, धागे कापलेला माल येतो आणि घडी होऊन खोक्यात जातो, तिथे दिवसभर उभी. बघणाऱ्याला वाटतं, इस्त्रीत सगळी मेहनत उजव्या हाताची. पण खरा राबतो तो डावा. इस्त्रीच्या नाकापुढे कापड सारखं करत तो पळत असतो, कॉलर ओढतो, कफ ताणतो, बटणपट्टी धरून ठेवतो, आणि वाफ येते ती त्याच्यावरच. पायाखालची पट्टी दाबली की टेबल ती वाफ आत ओढून घेतं, पण हाताला जे द्यायचं ते देऊनच. नव्या बाईच्या तळव्याला आधी फोड येतात. मग फोडांची कातडी होते. मग त्या कातडीला काही कळेनासं होतं. उजव्याचंही पुढेमागे तेच, मूठ कायम तापलेली.

हिला तर टेबलावर नावच पडलं होतं, गारहाती. कुणाची इस्त्री तापली की नाही ते बघायचं असलं की हाक यायची, "गारहाती, जरा बघ गं!" ही तळवा टेकवून शांतपणे म्हणायची, "छे, अजून कोमट आहे." दुसरीने विश्वासाने बोट लावलं की किंकाळी. मग सगळं टेबल खदाखदा हसायचं. हीपण हसायची. हात मेला तरी हसण्यासारखं वाटायचं, असे ते दिवस होते.

तिची पोर तेव्हा सासूजवळ असायची. गोल गरगरीत, म्हणून गोटी. बाप मालट्रकवर, चाकं फिरतील तसा घरी येणारा. सासू तोंडाची फटकळ, पण नात म्हणजे जीव की प्राण. तीन वर्षांत गोटीने कधी दवाखान्याची पायरी नीट बघितली नाही. शिंकली तरी आजी म्हणायची, "कुणीतरी आठवण काढली." मग एक दिवस सासूबाई मोरीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यांना थोरला मुलगा घेऊन गेला. घर एकदम रिकामं. गोटीला बालवाडीत घालण्यावाचून इलाज नव्हता.

बालवाडी म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर हत्ती रंगवलेला, त्याची सोंड ओलीने फुगून सोललेली. एक सतरंजी, तिच्यावर सगळ्या वस्तीची पोरं. एकाच चेंडूला सगळ्यांची लाळ, एकाच पेल्याला सगळ्यांची तोंडं. या सगळ्यांना सांभाळायला एकट्या ताई. ताई मायाळू, पण करून करून किती करणार? एकाचं नाक पुसेपर्यंत दुसऱ्याचं वाहायचं.

पहिल्याच आठवड्यात गोटीला सर्दी झाली. सर्दी गेली की खोकला आला, खोकला बसतोय तर डोळे आले, सकाळी पापण्या चिकटून बसायच्या आणि पोर आंधळ्यासारखी हात पुढे करून "आई, काळोख आहे" म्हणत रडायची. मग कान. मग उलट्या. मग परत सर्दी, जशी काही मामाच्या घरी जाऊन आली होती. शेजारच्या खोलीतल्या काकू म्हणायच्या, "अगं, ही बालवाडीत अक्षरं शिकते का रोग?"

ती गोटीला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, "काळजी नको. पोरं पहिल्यांदा पोरांत जातात तेव्हा असंच होतं. अंग शिकतंय. वर्षभरात कमी होईल, फार तर दोन." खोटं काही बोलला नाही तो. अगदी बरोबर तेच बोलला. समोर बसलेल्या बाईला वर्षभर कोण सांभाळून घेणार, एवढंच त्याला विचारायचं सुचलं नाही.

थर्मामीटरचं म्हणाल, तर तो तिने गोटीच्या दुसऱ्या तापालाच आणला. पण त्या खोल्यांच्या रांगेत तो एकटाच होता. आज एकीच्या घरी, उद्या पलीकडच्या. कुणाला नाही म्हणायचं? आपली पोर रडत असताना तिच्याच चेंडूने आजारी पडलेलं शेजारचं पोरही रडतंय. थर्मामीटर कुठे आहे हे कळायला एकच उपाय, कुठल्या घरातून खोकल्याचा आवाज येतोय ते ऐकायचं. नंतर कुणीतरी तो गरम पाण्यात धुतला आणि त्याची आकडे दाखवणारी काच कायमची आंधळी झाली. कुणी धुतला ते अजून कबूल झालेलं नाही.

म्हणून ती गाल लावायची. घरात शिरली की आधी खाली बसायची आणि आपला गाल गोटीच्या कपाळाला टेकवायची. पण दिवसभर वाफेत शिजून आलेल्या बाईला सगळं जगच गार लागतं. गोटीला तो खेळ वाटायचा. आई दारात दिसली की ती कपाळ पुढे करून उभी राहायची, ताप असो नसो. एकदा अशीच उभी राहिली. आईने गाल टेकवला, म्हणाली, "गार आहे गं माझी बाय." तेवढ्यात काकूंनी पोरीला उचललं आणि ओरडल्या, "गार? अगं, भाजतेय ही!"

त्या दिवशी गारहाती या नावाचं हसू संपलं.

आता टेबलाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका टेबलाला चौघी. चौघींनी मिळून दिवसाचा माल काढायचा. एखादीच्या घरी आजारपण निघालं आणि तिला थांबावंच लागलं, तर बाकीच्या तिघी तिचा एप्रन तिच्या खुंटीला टांगायच्या आणि तिची इस्त्री तापवून उभी करून ठेवायच्या. म्हणजे बाई आलीय, आत्ता जरा मोरीकडे गेलीय. तिच्या वाटचे शर्ट तिघी वाटून घ्यायच्या. सुपरवायझर काही आंधळा नव्हता. पण माल निघतोय तोवर त्याला खुंटीवरचा एप्रन म्हणजे बाईच दिसायची. ही रीत कुठल्या मालकाने लावलेली नाही, कुठल्या कायद्यात नाही. बायकांनी आपल्या पाठीवर उचललेली रीत होती ती. तिच्यावर कितीतरी पोरं वाढली.

पण त्या वर्षी एकच एप्रन टांगलेला दिसायचा. हिचा.

एका सकाळी ती कामावर आली तर खुंटी मोकळी.

"अक्का, माझा एप्रन?"

अक्का म्हणजे टेबलावरची सगळ्यात जुनी बाई. तिने मान वर केली नाही. "घडी करून खिडकीत ठेवलाय बघ."

"खिडकीत का?"

अक्काने इस्त्री उभी केली. "आता तुझा टांगायला नाही जमणार, बाई. पाठी मोडल्या आमच्या. पोरं काय तुलाच आहेत? माझी तीन वाढली, मी नाही एवढे एप्रन टांगले."

"तुमच्या घरी सासू होती, अक्का."

"होती ना! आणि ती काय फुकट होती? रोज कान किटेस्तोवर ऐकून घेतलंय तिचं."

एक हसली. टेबलावरची नवी मुलगी कॉलर ओढता ओढता म्हणाली, "परवा साहेबांनी विचारलं, ही बाई रोज मोरीतच असते का? आता काय सांगायचं त्यांना? पोट बिघडलंय म्हणून?"

यावर सगळ्याच हसल्या. हीपण हसली, कारण न हसणं परवडणारं नव्हतं. एप्रन अंगात घातला आणि पट्टीवर पाय ठेवला.

अक्कावर दात खाऊ नका. तीन माणसांनी चौघांचं काम काही दिवस करायचं असतं, वर्षभर नाही. जिथे चौघींच्या जागी पाच ठेवायला हव्यात तिथे चारच ठेवणारा माणूस मजेत असतो, आणि भांडतात त्या चौघी. आपलेच दात नि आपलेच ओठ. पोरं आजारी पडणार हे डॉक्टरला ठाऊक, बालवाडीला ठाऊक, कारखान्याला ठाऊक. आणि सोय? आईची आई बघेल. आई मेलेली असेल, सासू मोडलेली असेल, तर मग तुमचं तुम्ही बघा.

ट्रकवरून नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने त्याला सांगून बघितलं. पलीकडून इंजिनाची घरघर. तो म्हणाला, "पोरगी सारखी आजारी कशी पडते गं? खायला घालतेस ना?"

"नाही, उपाशी ठेवते," ती म्हणाली, "तुम्ही आलात की मग जेवू आम्ही दोघी."

"तसं नाही गं म्हणालो..."

"कसंही म्हणा. गाडी नीट चालवा." तिने फोन ठेवला.

सकाळच्या औषधाची युक्ती तिने शोधून काढलेली नाही. वस्तीतल्या सगळ्या आयांना ती ठाऊक होती, आणि कुणीच कुणाशी तिच्याबद्दल बोलत नसे. झाकली मूठ. बालवाडीच्या दारात ताई उभ्या असायच्या. प्रत्येक पोराच्या कपाळाला उलटा हात लावायच्या. गरम लागलं की पोर परत आईच्या कडेवर. नियम होता आणि नियम चांगला होता, एकाचा ताप दहांना लागू नये म्हणून. पण परत कडेवर आलेलं पोर घेऊन आईने जायचं कुठे? म्हणून निघायच्या आधी तापाचं औषध पाजायचं. दारापर्यंत अंग गार होतं. दुपारी परत चढतं, तोवर आपण टेबलाजवळ उभ्या.

पुष्कळ दिवस तिने हे टाळलं होतं. एप्रन खिडकीत गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी तिने गुलाबी बाटली उघडली. गोटीने नाक मुरडलं, मग चमचा चाटून पुसून दिला. औषध गोड होतं.

दारात ताईंनी हात लावला. "बरी दिसतेय आज. घरी काही दिलं का?"

"नाही हो, ताई."

एवढं सोपं होतं ते. आत गेलेली गोटी वळून हात हलवत होती, आणि तिला रस्त्याने चालताना पहिल्यांदा हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली. मग कारखान्याचा भोंगा झाला आणि लाजेला वेळ उरला नाही.

मोठा माल निघायचा होता तो आठवडा. गोटीला परत ताप आला, आणि या खेपेला तो हटेना. पोर जेवेना. दुधाचे दोन घोट, अर्धं बिस्किट, बस्स. आई रोज सकाळी गुलाबी औषध द्यायची. कारखान्यातून उशिरा सुटायची, आणि घरी आल्यावर परत एकदा द्यायची, कारण पोर गरम असणार असं तिने धरूनच ठेवलं होतं. हाताला विचारण्यात अर्थ नव्हता.

दारात एक दिवस ताईंनी गोटीची हनुवटी वर केली. "हिचे डोळे कसे झालेत बघा. गोटीची आई, खरं सांगा हं. दुपारी चढतो ताप, मग मी एकटी आणि पोरं एवढी. घरी काही दिलंय का?"

मागे आयांची रांग. कुणीतरी म्हणालं, "चला हो, उशीर होतोय." तिच्या डोळ्यांसमोर मोकळी खुंटी.

"नाही दिलं, ताई. गोटीची शपथ."

तोंडातून गेलं ते. शब्द धनुष्यातून सुटल्यासारखा गेला, आणि जिच्या नावाने गेला ती आईचा पदर धरून उभी होती.

आता दुपारी काय व्हायचं ते ऐका. औषध उतरलं की गोटी तापायची. ताई कारखान्यात फोन लावायच्या. कामगारांचे फोन गेटवरच्या कपाटात बंद, म्हणून निरोप वॉचमनकडे. वॉचमन सुपरवायझरला सांगायचा. सुपरवायझर म्हणायचा, "माल निघू दे, सांगतो." माल निघायचा, दिवस मावळायचा, आणि सुटताना तो म्हणायचा, "अरे हो, तुझ्या पोरीच्या शाळेतून काहीतरी होतं." ताई बिचाऱ्या इकडे वाट बघून बघून ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसायच्या. शेवटी एका दुपारी त्यांच्याच्याने बघवेना. पोरांना औषध द्यायचं नाही असा त्यांना सक्त नियम. पण कपाटात त्यांच्या भाच्यासाठी आणलेली नारिंगी बाटली होती. घरी काहीच दिलेलं नाही, आईने शपथ घेतलीय. मग एक चमचा दिल्याने काय बिघडतं? दिला. पोर निवली, झोपली. दुसऱ्या दिवशी परत दिला. बोलल्या कुणालाच नाहीत, कारण नियम मोडला होता.

संध्याकाळी गोटीला आणायला काकू जायच्या. काकूंकडे पिवळी बाटली, त्यांच्या मोठ्या नातवाची. घरी आणेपर्यंत पोर मलूल दिसायची, मग काकू पिवळं औषध द्यायच्या, आणि मोठ्या नातवाच्याच मापाने. आईला सांगायच्या नाहीत. का, तर एकदा काढा दिला होता तेव्हा आई भडकली होती, "काकू, माझ्या पोरीला मला विचारल्याशिवाय काही देत जाऊ नका." तेव्हापासून काकूंनी विचारणंच सोडलं, देणं नाही.

एका पोरीवर तिघींची माया. प्रत्येकीची मूठ झाकलेली.

अशाच एका दिवशी सुटताना वॉचमनने तिला हाक मारली. सुपरवायझरला मधे न घालता, खुर्चीतून उठून. "बाई, मोठ्या दवाखान्यात जा. शेजारणीचा फोन आला होता." ती एप्रनसकट धावली.

दवाखान्याच्या लांब खोलीत बाकावर काकू आणि ताई शेजारी शेजारी. गोटी ताईंच्या मांडीवर. दुपारपासून उलट्या, आणि आता हाक मारली तरी डोळे उघडून परत मिटत होती. आई आली तेव्हा तिने कपाळ पुढे केलं नाही. आईने खाली बसून गाल टेकवला. काहीच कळलं नाही. गार, नेहमीसारखं गार.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, बोलणं तोडून तोडून. गोटीचं पोट उजव्या बाजूला दाबलं तशी पोर कण्हली. पापणी खाली ओढून त्यांनी बुबुळाच्या बाजूचं पांढरं बघितलं. तिथे पिवळसर झाक होती. त्यांचा आवाज बदलला.

"तापाचं औषध देत होतात?"

"हो," आई म्हणाली.

"दिवसातून किती वेळा?"

"मी एकदाच दिलं." रात्रीचं तेवढं सांगितलं तिने. ताई शेजारीच होत्या.

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बघितलं. "तुम्ही?"

"संध्याकाळी. मीपण एकदाच. पण माझं वेगळं होतं हो, पिवळं."

खोलीत कुठेतरी एक पोर ठसक्याने खोकत होतं. ताईंनी खालमानेने सांगितलं, "मी दुपारी. एकदाच. नारिंगी."

"बाटल्या आणा. सगळ्या."

ताईंकडून बालवाडीची आणि आईकडून घराची किल्ली घेऊन काकू म्हाताऱ्या पायांनी पळाल्या. बाटल्या आल्या. गुलाबी, नारिंगी, पिवळी, टेबलावर मांडल्या तर पोरांच्या रंगपेटीतले रंग वाटावेत. डॉक्टरीणबाईंनी एकेक उलटी करून मागचं बारीक वाचलं. मग तिन्ही त्यांच्याकडे फिरवल्या. "नाव वेगळं, रंग वेगळा. आत तेच औषध आहे. आणि हे पिवळं दुप्पट कडक. उपाशी पोराच्या यकृताला हे झेपत नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "याला उतारा आहे. पण आत किती गेलंय ते मला कळायला हवं. मी कुणाला पकडायला बसलेली नाही. सकाळी कोण देत होतं?"

आईची नजर बाटल्यांवरून ताईंकडे गेली.

बोललं तर काय होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. ताईंसमोर शपथ घेतलेली. बालवाडीचं दार बंद झालं की कामाचं दारही बंद. आणि नाही बोललं तर काय होणार, ते ताईंच्या मांडीवर पडलेलं होतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. पण आड आणि विहीर यांतलं एक तुमच्या पोरीसाठी असेल आणि एक तुमच्यासाठी, तर विचार करायला फार वेळ लागत नाही.

"मीच," ती म्हणाली. "रोज सकाळी. बालवाडीत घ्यावं म्हणून. आणि रात्री वेगळं. सगळे दिवस."

डॉक्टरीणबाई उठून गेल्या, नर्सला हाका मारत. गोटीच्या पायावर ताईंचा हात होता. तो तिथेच राहिला. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं की हो तुम्हाला."

तिने वाकून गोटीचा दुसरा पाय हातात धरला.

गोटी वाचली. एवढं सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुमचा जीव टांगणीला. हाताला सुई, सुईला नळी, नळीतून थेंब थेंब उतारा. डोळ्यांचा पिवळेपणा पुष्कळ दिवस हटला नाही. नवरा ट्रक सोडून आला, भिंतीला टेकून उभा राहिला.

पण दवाखान्यात जे बोललं जातं ते दवाखान्यात राहत नाही. बालवाडी चालवणाऱ्या कमिटीपर्यंत ते पोचलं. ताईंनी नियम मोडून औषध दिलं होतं. खरंच होतं ते. ताईंना काढलं. ही कमिटीच्या दारात जाऊन उभी राहिली, आतल्या माणसांना म्हणाली, "चूक माझी होती. खोटी शपथ मी घेतली. त्यांनी माझ्या पोरीला ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा तुमच्यातला कोण होता तिथे?" आतला एकजण म्हणाला, "बाई, आवाज खाली. तुमचंही बघायचंच आहे आम्हाला." बघितलंही. गोटीचं नाव कमी झालं.

कारखान्यात तिच्या खुंटीला दुसरीचा एप्रन आला. अक्का एकदा घरी येऊन गेली. पेरू घेऊन आली होती. गोटीच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. जाताना म्हणाली, "टांगायला हवा होता गं. आणखी चार दिवस टांगला असता तर काय मेलो असतो?" ही म्हणाली, "मेल्याच असता, अक्का. तुमचीही पाठच होती ती."

बालवाडीत आता दुसऱ्या बाई आहेत. त्यांच्या हातात कपाळापुढे धरायचं यंत्र आहे, हात लावावा लागत नाही. आकडा जरा वर दिसला की पोर परत. आयांनी काय केलं असेल? बरोबर ओळखलंत. पूर्वी घरातून निघताना पाजायच्या, आता जरा आधी पाजतात, म्हणजे दारापर्यंत नक्की उतरतं. आणि विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, नाही दिलं.

ती घरीच इस्त्री करते. खिडकीला पाटी नाही, पण वस्तीला ठाऊक आहे. गोटी कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून बटणं मोजल्यासारखं करते. पोरांत जात नाही म्हणून फारशी आजारी पडत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, शाळेत जाईल तेव्हा हे सगळं परत सुरू होईल, अंगाचं शिकायचं राहिलंय. म्हणजे जे टळलं ते टळलेलं नाही, पुढे उभं आहे.

मध्यंतरी एका सकाळी दारात ताई उभ्या. हातात दोन कुडते. त्या आता एका दुकानात कापड मोजतात, तिथे इस्त्रीचे कपडे घालून यायला सांगतात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आल्या होत्या. हिने कुडते घेतले, पाट पुढे केला.

"बसा ना. चहा टाकते."

"नको. कामावर जायचंय."

गोटी धावत आली आणि सवयीने कपाळ पुढे करून उभी राहिली. ताईंचा उलटा हात आपोआप वर गेला, कपाळाला लागला आणि तिथेच थांबला.

"कोमट लागतेय हो."

इस्त्री उभी राहिली. आईला सकाळपासून काही कळलं नव्हतं. तिने दोनदा गाल लावून बघितला होता.

"घरी काही दिलं का?" ताईंनी विचारलं. दारातला जुनाच प्रश्न, त्याच आवाजात.

"नाही." तिचा हात गळ्याकडे गेला. "खरंच नाही हो, गोटीची श—"

"शपथ नको," ताई म्हणाल्या. "शपथ नको घेऊ. नुसतं सांग."

पहिल्यांदाच त्या अगंतुगं बोलल्या होत्या. तिने खाली बसून सगळं सांगितलं. रात्री पोर नीट झोपली नाही. सकाळी दूध नाही घेतलं. औषध नाही दिलं, कारण बाटलीच आता घरात ठेवत नाही. ताई ऐकत राहिल्या, कामाला उशीर होत असताना. मग कुडते इस्त्रीला सोडून निघून गेल्या. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत, नाही असंही नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या सकाळी तापलेल्या पोराला औषध पाजून कुणाच्या दारात सोडायची वेळ तुमच्यावर आली, तर सोडाल. वर्षभर घरी थांबा म्हणणारे तुमच्या जागी टेबलाला उभे राहायला येणार नाहीत. पण त्या दारात जी कुणी उभी असेल, तिला सांगा, काय पाजलं, कधी पाजलं. संध्याकाळी जी पोर घ्यायला जाईल तिलाही सांगा. आणि दारात उभे असणारे तुम्हीच असाल, तर असं विचारा की आईला खरं सांगता येईल. शपथा घेऊ नका, घालू नका. नुसतं सांगा.